बाथरूमच्या कामात नव्या कारागिराच्या चुका: टाइलखाली झाकल्या जाण्याआधी त्या कशा पकडायच्या

प्रश्न असा आहे. दुसऱ्याच्या हाताखाली काम करणं सोडून एकाने स्वतःच्या जबाबदारीवर बाथरूम नूतनीकरणाची कामं घ्यायला सुरुवात केली आणि पहिल्या तीन कामांत तीन दोष निघाले. एकीकडे शॉवरच्या कोपऱ्यात पाणी साचतं. दुसरीकडे डायव्हर्टर (शॉवर आणि नळाकडे पाणी वळवणारा व्हॉल्व्ह) भिंतीत इतका आत गेला की वरची प्लेट आणि मूठ बसेना. तिसरीकडे काम संपून काही आठवडे झाल्यावर खालच्या छताला ओल दिसली. असं सगळ्यांचंच होतं का, आणि पुढच्या कामात नेमकं काय बदलायचं?

होतं, आणि नेमकं ह्याच तीन ठिकाणी होतं. पण तिन्हींत हात कच्चा असण्याचा भाग फार थोडा आहे. बाथरूममध्ये प्रत्येक थर आधीच्या थराला झाकतो: पाइप प्लास्टरखाली जातो, प्लास्टर वॉटरप्रूफिंगखाली, वॉटरप्रूफिंग टाइलखाली. डायव्हर्टर १० मिमी पुढे ओढायला झिरी (पाइपसाठी भिंतीत कोरलेली खाच) उघडी असताना पाच मिनिटं पुरतात, टाइल बसल्यावर तेच काम भिंत फोडून करावं लागतं. म्हणून हाताचा वेग वाढवायच्या आधी एकच सवय लावून घ्या. कुठलाही थर झाकण्याआधी थांबायचं, मोजायचं आणि मोजलेलं लिहून ठेवायचं.

आधी डायव्हर्टर, कारण त्यामागची चूक बाकी अर्ध्या चुकांचीही आई आहे. मोजमाप कच्च्या भिंतीपासून घेतलं गेलं, तयार भिंतीपासून नाही.

डायव्हर्टरच्या बॉडीवर प्लास्टिकचं संरक्षक झाकण असतं आणि त्यावर कमीत कमी व जास्तीत जास्त अशा दोन खुणा असतात. तयार टाइलचा पृष्ठभाग त्या दोन खुणांच्या मध्ये यायला हवा. झिरी मारताना समोर दिसते ती वीट, त्यामुळे बॉडी विटेशी जुळवून बसवली जाते आणि वर चढणारी जाडी विसरली जाते. ती जाडी कमी नसते. प्लास्टर १२ ते १५ मिमी, वॉटरप्रूफिंग १ ते २, दाबून बसलेलं ॲडेसिव्ह ४ ते ६, टाइल ८ ते ९. बेरीज २५ ते ३२ मिमी होते. टाइल ॲडेसिव्हऐवजी सिमेंटच्या मसाल्यावर लावणार असाल तर आणखी वाढते. शिवाय जुनी भिंत ओळंब्यात क्वचितच असते. एका टोकाला १२ मिमी प्लास्टर पुरतं आणि दुसऱ्या टोकाला २५ लागतं.

तेव्हा अंदाज करू नका. प्लास्टर करायच्या आधीच त्या भिंतीवर ओळंब्यात ठिय्ये (मसाल्याचे छोटे खुणेचे ठोकळे) मारून घ्या, म्हणजे प्लास्टरची पातळी डोळ्यांसमोर येते. दोन ठिय्यांवर ॲल्युमिनियमची सरळ पट्टी धरा. पट्टीच्या बाहेरच्या बाजूला त्याच कामाच्या टाइलचा तुकडा ठेवा, आणि टाइल व पट्टी यांमध्ये ॲडेसिव्ह आणि वॉटरप्रूफिंगच्या जाडीइतका पुठ्ठा. पट्टीची स्वतःची जाडी वजा करायला विसरू नका. आता टाइलचा दर्शनी भाग बॉडीवरच्या खुणांच्या मध्ये येतो का ते पाहा, लेव्हल लावा आणि मगच बॉडी मसाल्याने पक्की करा. शंका असेल तर जरा आत झुका. आत गेलेल्या बॉडीसाठी बऱ्याच कंपन्यांचं एक्स्टेन्शन किट मिळतं. फार बाहेर राहिलेल्या बॉडीला उपाय नाही.

कमोडचंही तसंच. एस ट्रॅपच्या (खाली जमिनीत ड्रेन जाणाऱ्या) कमोडसाठी ड्रेनच्या मध्यापासून भिंतीचं अंतर, उदाहरणार्थ २२५ किंवा ३०० मिमी, हे तयार टाइलपासून असतं. विटेपासून ३०० धरलं तर टाइल लागल्यावर २७०च्या आसपास उरतं आणि टाकी भिंतीला टेकते. पी ट्रॅपमध्ये (मागे भिंतीत ड्रेन जाणाऱ्या) आउटलेटच्या मध्याची उंची तयार फरशीपासून मोजतात, बहुतेक मॉडेलांत १८० ते १८५ मिमी. 'बहुतेक'वर मात्र कधीच ड्रेन पक्का करू नये. कमोड जागेवर येऊ द्या, निदान त्याच मॉडेलचा मापांचा कागद हातात असू द्या. मालकाने अजून कमोड निवडलाच नसेल तर ड्रेनचं काम तिथेच थांबवा. अँगल कॉकच्या (भिंतीतून निघणाऱ्या छोट्या नळाच्या) एल्बोचं, म्हणजे वळणाच्या जोडाचं तोंड टाइलच्या पृष्ठभागाशी किंवा २-३ मिमी आत हवं. खोल गेलेल्या एल्बोवर एक्स्टेन्शन जोडून वेळ निभावते, पण भिंतीत आणखी एक जोड वाढतो आणि तो गळला तर कळायला फार उशीर होतो.

उंचीची सगळी मापं एकाच रेषेवरून घ्यावीत. बाहेरच्या खोलीची फरशी आणि दाराचा उंबरा पाहून बाथरूमची तयार पातळी ठरवा, त्याच्या बरोबर १ मीटर वर लेझरने किंवा पाण्याच्या नळीने चारही भिंतींवर रेषा मारा. फरशी, ट्रॅप (जमिनीतलं पाणी जाण्याचं तोंड), कमोड, बेसिन, डायव्हर्टर सगळं त्या रेषेच्या खाली-वर किती, असं लिहा. फोडलेल्या जमिनीवरून मोजलेल्या उंचीला काही अर्थ नाही, कारण ती जमीन दर फुटाला बदलते. प्लास्टर करताना ही रेषा पुसली जाते. म्हणून दाराच्या चौकटीवर एक पक्की खूण ठेवा आणि प्लास्टर वाळलं की रेषा पुन्हा मारा.

पाइप झाकण्याआधीचं थांबणं सगळ्यात जास्त टाळलं जातं. सीपीव्हीसीचा (प्लास्टिक पाण्याच्या पाइपचा) जोड लावताना पाइप काटकोनात कापा, काठाची बूर काढून कडेला हलका उतार द्या, कोरडा पाइप सॉकेटमध्ये अर्धा ते दोन तृतीयांश शिरून अडतो का ते पाहा. सॉल्व्हेंट सिमेंट पाइपला सढळ आणि सॉकेटला पातळ लावा. सॉकेटमध्ये जास्त लावलं तर ते आत ढकललं जाऊन साचतं आणि पाइप मऊ करतं. पाव वेढा फिरवत पूर्ण आत ढकला आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. लगेच सोडलं तर पाइप थोडा मागे सरकतो. पितळी आटे असलेल्या फिटिंगवर टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळा आणि हाताने घट्ट झाल्यावर पान्याने एक-दोन वेढेच द्या. तेलकट पेस्ट लावू नका, काही प्रकार सीपीव्हीसीला तडे पाडतात. जास्त ताणलेलं फिटिंग त्या दिवशी गळत नाही. ते काही महिन्यांनी फुटतं.

जोड वाळल्यावर दाब चाचणी घ्या, नेहमी पाण्याने. प्लास्टिक पाइपात दाबाची हवा भरणं धोक्याचं आहे, फिटिंग फुटलं तर तुकडे उडतात. लाइनवर गेज (दाब दाखवणारं काट्याचं मापक) लावून कामाच्या दाबाच्या दीडपट दाब द्या. सुरुवातीला काटा थोडा उतरतो, कारण पाइप किंचित फुगतो आणि अडकलेली हवा दबते. अर्ध्या तासाने दाब पुन्हा भरा आणि तिथून दोन तास काटा हलू नये. प्लास्टर आणि टाइलचं काम चालू असताना लाइन दाबाखालीच ठेवा, गेज लावून. कुणी भिंतीत खिळा मारला तर काटा त्याच मिनिटाला सांगतो. झाकण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो घ्या, मोजपट्टी भिंतीला आडवी-उभी धरून. पुढे टॉवेल रॉडसाठी भोक पाडताना पाइप कुठून गेलाय ते ह्याच फोटोवरून कळतं. भिंत फार खोल कोरू नये, हेही इथेच सांगतो: विटेच्या भिंतीत उभी झिरी जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत, आडवी एक षष्ठांशापर्यंत. काँक्रीटच्या कॉलम-बीमला हात लावायचा नाही.

आता साचणारं पाणी. शॉवरच्या भागात फुटाला दीड ते दोन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) उतार द्यावा, म्हणजे साधारण १:६० ते १:५०. ट्रॅपपासून सर्वात लांबचा कोपरा १.२ मीटरवर असेल तर तो २० ते २४ मिमी उंच हवा. कोरड्या भागात १:१०० चालतं. हे आकडे बहुतेकांना पाठ असतात, तरी पाणी साचतं, कारण उतार खालच्या कोब्यात (टाइलखालच्या सिमेंटच्या थरात) देण्याऐवजी टाइल लावताना ॲडेसिव्ह कमी-जास्त करून काढला जातो. ॲडेसिव्ह जाड लागलं की वाळताना आकसतं, टाइल थोडी बसते आणि शेवटचा कोपरा खाली जातो. कोबा करतानाच उतार पूर्ण झाला पाहिजे. टाइलने फक्त त्याच्या मागे जायचं.

दुसरं कारण टाइलच्या आकारात आहे. ६०० × ६०० ची टाइल सपाट असते आणि मध्यावरच्या ट्रॅपकडे चारही बाजूंनी येणारा उतार सपाट नसतो. ती अखंड लावली तर एक तरी कोपरा वर किंवा खाली राहणारच. एक तर ट्रॅपभोवती तिरके काप देऊन लिफाफ्यासारखी रचना करा, नाहीतर शॉवरच्या भागात लहान टाइल घ्या. लांबट ड्रेन एका भिंतीला लावला तर एकाच दिशेचा उतार पुरतो आणि मोठी टाइल अखंड बसते. मालकाला मोठी टाइल आणि मधला ट्रॅप दोन्ही हवे असतील तर काम सुरू व्हायच्या आधी त्याला हे दाखवा, नंतर दाखवून उपयोग नाही. तिसरं कारण जाळी. नहाणी ट्रॅपची जाळी टाइलपेक्षा १-२ मिमी खाली हवी. ती बरोबरीला किंवा वर राहिली की तिच्याभोवती पाण्याचं कडं उरतं.

तपासणी सोपी आहे. कोबा घट्ट झाल्यावर, वॉटरप्रूफिंगच्या आधी, लांबच्या कोपऱ्यात बादलीभर पाणी ओता आणि पंधरा मिनिटांनी पाहा. ओलसर डाग चालतो, तळं चालत नाही. तळ्याभोवती खडूने रेघ मारा, वाळल्यावर तेवढा भाग टाचून भरा. १ मीटरच्या रेषेवरून चारही कोपरे आणि ट्रॅपचा काठ मोजून पाच आकडे भिंतीवरच पेन्सिलने लिहा. भिंतीलगतच्या कडेची उंची सगळीकडे सारखी ठेवली तर खालची टाइल-पट्टी वाकडी दिसत नाही. उतार आतल्या भागात द्यावा.

ओल हा तिसरा दोष, आणि सर्वात महाग. इथे नवा माणूस घाईघाईने टाइलचे सांधे पुन्हा भरतो किंवा वरून रसायन मारतो. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. संशयित तीन: दाबाची पाइपलाइन, ड्रेन आणि वॉटरप्रूफिंग. एका दिवशी एकच तपासा, नाहीतर काहीच सिद्ध होत नाही. पहिल्या दिवशी सगळे नळ बंद करून लाइनवर गेज लावा आणि काटा पाहा. काटा उतरला तर दाबाची लाइन गळते. अशी ओल बाथरूम वापरा किंवा वापरू नका, वाढतच राहते. दुसऱ्या दिवशी फरशी कोरडी ठेवून नळीने थेट ट्रॅपच्या तोंडात रंगीत पाणी बराच वेळ सोडा. खाली रंग उतरला तर ड्रेनचा जोड किंवा ट्रॅपची कॉलर. तिसऱ्या दिवशी ट्रॅप बंद करून फरशीवर २५ मिमी पाणी २४ तास ठेवा. इतकं करूनही खाली काही नसेल तर फरशी कोरडी करून शॉवरचं पाणी फक्त भिंतीवर मारा. कधी कधी दोष भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात किंवा डायव्हर्टरच्या प्लेटमागे असतो. दर वेळी पाणी सोडल्याची आणि ओल दिसल्याची वेळ लिहा.

चौथी शक्यता बरेच जण विसरतात: ही नवी गळती नसेलच. खोल स्लॅबच्या (बाथरूमपुरता खाली घेतलेल्या स्लॅबच्या) भरावात कामाच्या वेळचं पाणी, कोबा मुरवताना टाकलेलं पाणी, जुन्या गळतीचं पाणी अडकून राहतं. वरून नवं वॉटरप्रूफिंग झालं की त्याला वर वाळायला वाट उरत नाही आणि ते आठवडे-आठवडे खाली झिरपतं. छतावरच्या डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा, तारीख घाला, आठवड्याने पाहा. डाग रेघेच्या आत येत असेल तर तो वाळतोय. बाहेर जात असेल तर फोडायची तयारी करा.

वॉटरप्रूफिंगमध्ये चूक नेमकी कुठे होते? सपाट जमिनीवर फारशी नाही. होते ती कोपऱ्यात, पाइप जिथे स्लॅबमधून जातो तिथे आणि ट्रॅपच्या कडेला. भिंत आणि जमिनीच्या सांध्यात पॉलिमर मसाल्याची साधारण २० मिमीची गोलाई द्या. काटकोनात थर ताणला जाऊन तिथेच चिरतो, म्हणून गोलाईवर जाळीची पट्टी दाबून बसवा. पाइपभोवती खोबण करून न आकसणाऱ्या ग्राउटने भरा. थर ट्रॅपच्या कॉलरवर आणि आत वळला पाहिजे, काठाशी थांबता कामा नये. जमिनीवरची धूळ नीट झाडली नाही तर थर धुळीला चिकटतो, जमिनीला नाही. दोन थर एकमेकांना काटकोनात मारा, पहिला वाळल्यावर दुसरा. रंग थोडा वेगळा करता आला तर राहिलेली जागा लगेच दिसते.

जाडी डोळ्यांनी कळत नाही. ती संपलेल्या मालावरून कळते, आणि हा हिशोब प्रत्येक कामात करावा. समजा बाथरूम १.५ × २.४ मीटर आहे. जमीन ३.६ चौरस मीटर. भिंतींचा घेर ७.८ मीटर, त्यातून दाराचे ०.७५ वजा, उरले साधारण ७. त्यावर ३०० मिमी उंच पट्टा म्हणजे २.१ चौरस मीटर. शॉवरच्या दोन भिंती मिळून २.४ मीटर लांब आणि १.८ मीटर उंचीपर्यंत, खालचा पट्टा आधीच मोजला म्हणून १.५ मीटर धरा: ३.६. एकूण ९.३. मालाच्या पत्रकात दोन थरांना मिळून चौरस मीटरला १.५ किलो लिहिलं असेल तर १४ किलो लागले पाहिजेत. काम संपलं आणि ८ किलोच वापरले गेले असतील, तर थर पातळ आहे, मग तो कितीही एकसारखा दिसो.

थर पत्रकात लिहिल्याइतका वाळला की ट्रॅप बंद करून, उंबऱ्यापाशी बांध घालून, २५ ते ५० मिमी पाणी भरा. भिंतीवर पातळीची खूण करा आणि कमीत कमी २४ तास, जमल्यास ४८, तसंच राहू द्या. एक-दोन मिमी उतरणं बाष्पीभवनाचं असतं. त्याहून जास्त उतरलं किंवा खाली डाग आला तर टाइलला हात लावायचा नाही. चाचणीनंतर त्या उघड्या थरावर बुटांनी फिरणं, टाइलची खोकी आपटणं, शिडी टेकवणं बंद. वर पुठ्ठे टाका. चाचणीत पास झालेला थर दुसऱ्या दिवशी शिडीच्या पायाने फाटतो आणि कुणाला कळतही नाही.

टाइलकडे वळू. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, ०.५ टक्क्यांहून कमी, त्यामुळे साधं सिमेंट तिला धरून ठेवत नाही. तिला पॉलिमर असलेलं ॲडेसिव्हच हवं आणि ती भिजवायची नसते. पाणी भरपूर शोषणारी सिरॅमिक भिंतीची टाइल सिमेंटवर लावताना भिजवतात, ॲडेसिव्हवर लावताना नाही. पावडर पाण्यात टाका, पाणी पावडरीत नाही. ढवळा, पाच मिनिटं राहू द्या, पुन्हा ढवळा. घट्ट होऊ लागल्यावर पाणी घालून सैल करायचं नाही, त्याची पकड गेलेली असते. तेवढा माल फेकून द्या.

पसरलेल्या ॲडेसिव्हचा वेळ साधारण २० मिनिटं, गरम किंवा वाऱ्याच्या जागी त्याहून कमी. बोट लावून पाहा. बोटाला माल लागला तर टाइल लावा; वर साय धरली असेल आणि बोट कोरडं आलं तर खरवडून पुन्हा पसरा. दातेरी थापीच्या रेघा एकाच दिशेने, सरळ ओढा. गोल गोल फिरवल्या की हवा अडकते. मोठ्या टाइलला १० मिमी दाते घ्या आणि टाइलच्या पाठीलाही पातळ थर द्या. मग टाइल रेघांना आडवी थोडी सरकवत दाबा, म्हणजे रेघा मोडून एकमेकींत मिसळतात. ओल्या जागेत टाइलची पाठ ९५ टक्के भरलेली हवी, आणि हे तपासायचा एकच मार्ग आहे: दर दहा-बारा टाइलनंतर ताजी लावलेली एक उचलून पाठ पाहणं. चार कोपऱ्यांना आणि मध्ये असे पाच गोळे लावून टाइल चिकटवणं मात्र बंदच करा. गोळ्यांच्या मधल्या पोकळीत पाणी फिरतं, आणि टॉवेल रॉडचं भोक त्याच पोकळीवर आलं की टाइल तडकते.

रचना कोरडी मांडून पाहा. १५४० मिमी रुंद भिंतीवर ३०० मिमीच्या टाइल आणि २ मिमी सांधा धरून कोपऱ्यातून सुरुवात केली तर पाच टाइलनंतर ३० मिमीची चिंचोळी पट्टी उरते. तीच मांडणी मध्यापासून केली तर चार अखंड टाइल आणि दोन्ही बाजूंना १६५ मिमीचे सारखे तुकडे येतात. लांब पट्ट्यांसारख्या टाइलमध्ये अर्ध्यावर सांधा देऊ नका. त्या मधून किंचित फुगीर असतात, म्हणून एक तृतीयांशावर द्या, नाहीतर कडा वर-खाली लागतात. खोक्यांवरचा शेड आणि साइझचा क्रमांक लावण्यापूर्वी जुळवा. १० टक्के जास्त माल आणा. तिरक्या रचनेला १५.

सांधे २४ तासांनी भरा, ग्राउट पातळ कालवलं तर रंगाचे पट्टे पडतात. भिंत-भिंत आणि भिंत-जमीन यांच्या कोपऱ्यात ग्राउट नाही, सिलिकॉन. दोन पृष्ठभाग वेगवेगळे हलतात आणि ग्राउट चिरतं. संगमरवर किंवा आरशाजवळ व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, न्यूट्रल घ्या. वीज तुमचं काम नाही. परवानाधारक वायरमनलाच द्या, आणि त्या सर्किटला ३० मिलीअँपिअरचं गळती-संरक्षण आहे ना हे त्याला विचारा.

तोडफोडीच्या दिवशीच्या दोन गोष्टी, कारण त्या फार वेळा राहून जातात. पहिला हातोडा पडण्याआधी मुख्य व्हॉल्व्ह खरोखर बंद होतो का ते नळ सोडून पाहा. आणि सगळी ड्रेनची तोंडं बूच किंवा बांधलेल्या प्लास्टिकने बंद करा. नुसतं फडकं कोंबलं तर तेही आत जातं, आणि आत गेलेला मसाला घट्ट झाल्यावर काढता येत नाही.

चुकांमधून शिकायचं तर वही ठेवा, पण 'लक्ष द्यायला हवं होतं' असं लिहिण्यासाठी नाही. प्रत्येक दोषाला चार गोष्टी: काय बिघडलं, कधी बिघडलं, कधी दिसलं, आणि कुठल्या तपासणीत आधीच सापडलं असतं. नमुना असा: 'कोपऱ्यात ३ मिमी पाणी. बिघडलं कोब्याच्या वेळी, दिसलं पहिल्या आंघोळीला. कोब्यावर बादली ओतली असती तर सापडलं असतं. यापुढे कोब्यावर बादली, वॉटरप्रूफिंगआधी.' शेवटचं वाक्य पुढच्या कामाच्या यादीत जातं. चौथ्या रकान्यात काहीच लिहिता येत नसेल तर कारण अजून सापडलेलं नाही, फक्त दोष सापडला आहे.

मालकाला त्याच्या लक्षात येण्याआधी तुम्हीच सांगा, आणि सांगताना तीन गोष्टी एकत्र: काय चुकलं, किती फोडावं लागेल, कोणत्या दिवशी पूर्ण होईल. 'बघतो' एवढंच म्हटलं की विश्वास तिथेच संपतो. पाणी भरून घेतलेल्या चाचणीचा तारखेसह फोटो मालकाला पाठवून ठेवा. नंतर दुसऱ्या कुणी भोक पाडून थर फाडला तर जबाबदारी कुणाची, यावर वाद उरत नाही.

आता हातातली तीन कामं. ओलीचं आधी: शोध लागेपर्यंत त्या बाथरूमचा शॉवर बंद ठेवायला सांगा. डायव्हर्टरसाठी मॉडेलचा क्रमांक घेऊन एक्स्टेन्शन किटची चौकशी करा, भिंत फोडणं त्यानंतर. कोपऱ्यातलं पाणी एक-दोन टाइलपुरतं असेल तर त्या टाइल काढून पुन्हा लावता येतात. सगळ्या जमिनीचाच उतार चुकला असेल तर ठिगळ लागत नाही, आणि सांधे जाड भरून उतार येत नाही. टाइल काढताना खालचा वॉटरप्रूफिंगचा थर फाटला आहे असंच धरून चाला. उघडा भाग चारही बाजूंनी १०० मिमी पुढे जुन्या थरावर चढवून दुरुस्त करा, वाळू द्या, पुन्हा २४ तास पाणी भरा, आणि मगच नवी टाइल लावा.